जड पाणी

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी आई माझ्याशी कपाटाच्या दारावरून भांडली.

“ओढू नकोस गं, हळू लोट. ओढलंस की खिट्टी आपटते.”

“मला टॉवेल हवा होता.”

“टॉवेल खुर्चीवर आहेत. हे कपाट आता टॉवेलांचं नाही.”

कपाट माझ्या खोलीतलं होतं आणि मीच घेतलेलं होतं, पण हा मुद्दा मी मांडला नाही. आईशी वाद घालताना मालकीहक्काचा काही उपयोग होत नसे. तिच्या प्रयोगशाळेशेजारी नवी इमारत उठत होती, तिथे दिवसभर जमिनीत खांब ठोकत असत, आणि त्या हादऱ्यांत तिचा खडा वाढेना. मग तिने घरभर काठोकाठ भरलेले पेले ठेवले, खिडकीच्या कट्ट्यावर, पलंगाखाली, धान्याच्या डब्यांमागे, आणि भिंग घेऊन पाण्यावरची थरथर बघत फिरली. सगळ्यात स्थिर पाणी माझ्या टॉवेलांशेजारी निघालं. त्याच संध्याकाळी टॉवेल बेघर झाले.

खडा म्हणजे स्फटिक. डीएनएचा. इतरांचं काम धुळीच्या कणाएवढ्या स्फटिकावर भागतं, कारण ते त्याच्यावर क्ष-किरण सोडतात. आईला न्यूट्रॉन सोडायचे होते. न्यूट्रॉन मोजके मिळतात, आणि मिळाले तरी बहुतेक सगळे कशालाही न धडकता आरपार निघून जातात; त्यांच्यासाठी निदान मिठाच्या खड्याएवढा ऐवज लागतो. तेवढा वाढायला महिनोन्महिने जातात आणि एका खोकल्याने तो बिघडू शकतो, असं तिचं म्हणणं. त्या काळात मी खोकायला गॅलरीत जात असे.

न्यूट्रॉनच का, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. “क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात,” आई म्हणे. “हायड्रोजनकडे बिचाऱ्याकडे एकच, आणि तोही शेजाऱ्याकडे पडीक. म्हणून फोटोत तो येतच नाही. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींना धरून असतात त्या याच्या जिवावर, आणि फोटोत सगळे आहेत, हा सोडून. लग्नाच्या फोटोत फोटो काढणारा नसतो तसा.” न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनशी देणंघेणं नसतं. तो थेट अणूच्या गाभ्याला भिडतो, आणि हायड्रोजन पकडला जातो.

मी मुद्रितशोधक आहे. पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका काढते. आईने शेवटी निवडलेला डीएनएचा तुकडा मुद्दाम चूक असलेला होता, आणि ते तिने मला आनंदाने सांगितलं होतं.

“तुझ्याच धंद्यातलं आहे हे. पेशी डीएनएची नक्कल काढते तेव्हा एखादं अक्षर चुकतं. ते चुकीचं अक्षर समोरच्याशी जोडी जमवून बसतं, आणि बसतं असं ऐटीत, की तपासणाऱ्यालाही बरोबरच वाटतं. ‘ध’चा ‘मा’ होतो आणि कुणाला पत्ता नसतो. कसं जमतं त्याला? माझं म्हणणं, एक हायड्रोजन आपली जागा सोडून पलीकडे सरकतो.”

“आणि क्षकाकांचं म्हणणं?”

“क्षकाका गाढव आहे.”

क्षकाका म्हणजे आईचे सहकारी, क्ष-किरणवाले. हे नाव मी लहानपणी ठेवलं. आता खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळून बघत नाहीत. हायड्रोजन जागचा हलत नाही असा त्यांचा दावा होता. दोघं त्यावरून माझ्या जन्माआधीपासून भांडत होते आणि रोज दुपारी एकाच डब्यातून जेवत होते.

त्या रविवारी आईने कपाट उघडलं, झाकणबंद बशीवर भिंग धरलं आणि बराच वेळ ओणवी राहिली. मी दारात टॉवेलशिवाय उभी होते.

“पिकला,” ती म्हणाली.

मग तिने भट्टीवाल्यांना फोन केला. दूरच्या एका अणुभट्टीवर न्यूट्रॉनचं यंत्र सांभाळणारे हे गृहस्थ. त्यांची आणि आईची कधी गाठ पडली नव्हती, पण दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा, “बाई, पिकला का?”, आणि आई उपवर मुलीच्या आईच्या सुरात म्हणायची, “अजून कच्चा आहे हो.” त्या दिवशी दोघं फोनवर इतके हसले की मी आंघोळीहून परत आले तरी हसतच होते. यंत्रावरची वेळ आईच्या नावावर आधीच लागलेली होती. आता खडा घेऊन जायचं, एवढंच उरलं होतं. रात्री जेवताना तिने मला वाचू नकोस म्हणून दटावलं आणि स्वतः वाचत बसली.

सोमवारी दुपारी ती प्रयोगशाळेच्या जिन्यात दम खायला बसली. येणारे-जाणारे बाजूने वाट काढत वर गेले, काहींनी नमस्कारही केला, कारण आई जिन्यात बसून विचार करते हे सगळ्यांना माहीत होतं. डबा गार होतोय म्हणून क्षकाका शोधायला आले, तेव्हा कळलं.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, संध्याकाळपर्यंत बॅग घेऊन हजर झाली आणि तिने घर ताब्यात घेतलं. घरात आम्ही दोघीच असायचो. बाबा मी शाळेत असतानाच वारले होते. फोन मावशी घेई. “ताई आपल्याला सोडून गेली हो,” असं म्हणून ती थांबे, समोरच्याला रडायला वेळ देई, आणि मग पत्ता सांगे. दारात येणाऱ्यांना सगळं आधीच ठाऊक असे. त्यामुळे ते वाक्य उच्चारायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. मी फक्त चपलांची रांग नीट करत होते आणि लोकांना माझ्या खोलीत जाऊ देत नव्हते. “पोरगी मनाला लावून घेतेय,” असं कुणीतरी म्हणालं. मी कपाटाचं दार सांभाळत होते.

गर्दी ओसरल्यावर क्षकाका आले.

“पोरी, खडा?”

मी कपाटाकडे बोट दाखवलं.

“वेळ बाईंच्या नावावर आहे,” ते म्हणाले. “त्यांना स्वतःला जायला जमलं नाही, तर प्रतिनिधी पाठवता येतो. तसा नियम आहे.”

“मग तुम्ही जा ना.”

“प्रतिनिधी हयात माणसाचा असतो. माणूसच नसला की नाव रद्द, वेळ रांगेतल्या पुढच्याला. पुन्हा नंबर लागेपर्यंत खडा थोडाच थांबणार? तडकेल नाहीतर विरघळेल.”

“मी वारस आहे की.”

“वारसाला घर मिळतं. न्यूट्रॉन मिळत नाहीत.”

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“छे! खोटं मी आयुष्यात बोललो नाही. खरंच बोलायचं, पण अर्धवट. बाई येऊ शकत नाहीत. यात खोटं काय आहे?”

यात खोटं काहीच नव्हतं.

“पण काका, प्रयोग झाला आणि आई बरोबर निघाली तर?”

“ती चूकच आहे,” ते म्हणाले. “पण ते तिला दाखवायला नको?” मग ते चष्मा पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या.

माझ्या वाट्याला एक काम आलं. आईच्या संस्थेच्या वार्तापत्रात तिच्याबद्दलचं निवेदन छापायचं होतं, आणि ते वार्तापत्र भट्टीवर जात असे. कार्यालयातल्या गृहस्थांनी मसुदा माझ्याकडे पाठवला, घरचं माणूस आणि त्यातून मुद्रितशोधक म्हणून. ‘दुःखद निधन’ वर मी खूण केली: ‘दुःखद’ काढावे, संस्थेत सुखद निधनाची प्रथा असल्याचे ऐकिवात नाही. ते सुधारून आलं. मग ‘अपरिमित हानी’ वर खूण केली: संस्थेचे काम मोजमापाचे असल्याने ‘अपरिमित’ शोभत नाही. तेही सुधारून आलं. मग स्वल्पविराम. मग आईच्या पदव्यांचा क्रम. शेवटी त्या सज्जन माणसाने लिहिलं, ‘तुमची मनस्थिती मी समजु शकतो.’ मी ‘समजु’ चा उकार दीर्घ करून परत पाठवलं, आणि ‘मनस्थिती’त विसर्ग घातला. अंक पुढे ढकलला गेला.

खडा नळीत भरायचा दिवस आला. आमच्या जेवणाच्या टेबलावर क्षकाकांनी स्वच्छ फडकं अंथरलं. खडा मऊ केसांच्या ब्रशने अलगद उचलून काचेच्या बारीक नळीत सरकवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना जड पाण्याचा एकेक थेंब सोडायचा आणि तोंडं मेणाने बंद करायची. जड पाणी अशासाठी, की साध्या पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनच्या फोटोत नुसतं धुकं करतो. म्हणून खडा जड पाण्यात ठेवतात. त्यातला जड हायड्रोजन हळूहळू साध्याला उठवून त्याच्या जागेवर बसतो, आणि चित्र स्वच्छ येतं. आईचं हे सगळं करून झालं होतं. पण तिथे साध्या पाण्याचा थेंब पडला, तर तो उद्योग उलटा सुरू होतो. जड पाण्याची बाटली कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, तिच्यावर आईच्या ठसठशीत अक्षरात लेबल होतं. क्षकाकांनी तिच्यात ड्रॉपर बुडवला.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. “घ्या घ्या, बिनघोर घ्या. पाणी चांगलं आहे. मी बदललंय.”

ड्रॉपर हवेत थांबला.

“बदललंय म्हणजे?” क्षकाका म्हणाले.

“अहो, बाटलीवर चक्क ‘जड पाणी’ लिहिलेलं! एवढी शिकलेली माझी बहीण, आणि कुठल्या विहिरीचं पाणी भरून ठेवलं होतं देव जाणे. जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही, काचेवर पांढरे डाग पडतात. मी ओतून दिलं, बाटली घासली आणि फिल्टरचं भरलं. लेबल तेवढं ठेवलं. ताईचं अक्षर आहे.”

“कुठे ओतलंत?”

“कुंडीत.”

आम्ही तिघांनीही कुंडीकडे बघितलं. रोप होतं तसंच उभं होतं. एवढ्या मोलाचं पाणी पिऊन त्याच्या एका पानालाही काही वाटलेलं दिसलं नाही.

“आणि ही बशी?” क्षकाकांचा आवाज अगदी मऊ झाला होता. “हिला हात लावलात?”

“लावला. धुवायची होती. पण झाकण चिकटवलेलं, उघडेना मेलं.”

क्षकाकांनी डोळे मिटले. आईने झाकणाच्या कडेला ग्रीस लावलं होतं, आणि ग्रीस लावण्यात ती कधी कंजुषी करत नसे.

मावशीने ट्रे टेबलावर ठेवला. तिचा चेहरा उतरला. “माझं काही चुकलं का हो? मला टॉवेल सापडत नव्हते, म्हणून कपाट उघडलं.”

क्षकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नाही, नाही. जड पाणी अधूनमधून बदलायचंच असतं.”

तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या प्रयोगशाळेतून खरं जड पाणी मागून घेऊन आले. मी दिवा धरला आणि श्वासही. त्यांचे हात थरथरतात, एरवी कप बशीवर वाजतो; पण ब्रश हातात घेतल्यावर हात थांबले. खडा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. दिसायला विशेष काही नव्हता. फुटक्या बल्बचा चुरा झाडताना एखादा तुकडा राहून जावा, तसा. तो नळीत सरकला, अडला, आणि मग बसला.

“बाईंनी एवढा वेळ लावला नसता,” क्षकाका म्हणाले आणि त्यांनी कपाळ पुसलं.

थर्मासमध्ये नळी ठेवून आम्ही आगगाडीने निघालो. थर्मास माझ्या मांडीवर होता. आईचा फोन माझ्या पर्समध्ये होता. मी तो रोज चार्ज करत होते. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, “सूप आहे का? आजारी कोण आहे?” मी म्हटलं, “आजारी कुणी नाही.” माझंही अर्धवट खरं बोलणं आता बरं जमायला लागलं होतं.

भट्टीची इमारत बाहेरून एखाद्या पोहण्याच्या तलावासारखी दिसत होती. आत बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या, छातीवर बिल्ला लावायचा आणि पिवळ्या रंगवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमधून आत जायचं. भट्टीवाले फोनवरच्या आवाजाच्या मानाने फारच ठेंगणे निघाले. त्यांनी आमच्या पाठीमागे पाहिलं.

“बाई?”

“बाईंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता,” क्षकाका म्हणाले.

“गुडघे?”

“गुडघेही.”

“सांगा त्यांना, मी रागावलोय म्हणून. त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरून पाठ टेकायची खुर्ची ओढत आणली.” मग ते माझ्याकडे वळले. “म्हणजे तुम्ही त्या स्वल्पविरामवाल्या! बाई म्हणतात, पोरीच्या नजरेतून चूक सुटत नाही. मला तर तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते बुवा.”

हे आई मला कधी म्हणाली नव्हती. ‘म्हणतात’ हा वर्तमानकाळ मी दुरुस्त केला नाही.

त्यांनी नळी यंत्रात बसवली. खड्याभोवती पिंपासारखा गोल पत्रा होता. खड्यावर आपटून वळलेले न्यूट्रॉन त्याच्यावर ठिपके उमटवणार होते. एका कोनातून एक फोटो, त्यालाच जवळजवळ एक दिवस. मग खडा थोडा फिरवायचा, दुसरा कोन, दुसरा फोटो. असे पुष्कळ फोटो झाले की त्यातून हायड्रोजनचा पत्ता लागतो. एका फोटोवरून काहीच लागत नाही. जाड दार सरकून बंद झालं.

“आता उद्या सकाळी,” भट्टीवाले हात चोळत म्हणाले. “पहिला फोटो आला की लगेच बाईंना फोन. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी दुसरा कोन लावत नाही. शब्द दिलाय. त्या दिवशी मला म्हणाल्या, ‘भट्टीवाले, माझं एवढंच ऐका, बाकी यंत्र तुमचं.’”

क्षकाकांना अचानक ठसका लागला.

पाहुण्यांच्या खोलीत आम्ही दोन खाटांवर समोरासमोर बसलो.

“सांगू, झोपल्यात म्हणून,” क्षकाका म्हणाले.

“आणि उठतील कधी?”

त्यांनी बूट काढून खाटेखाली सरकवले. मग म्हणाले, “मी काढू का बाईंचा आवाज?”

“तुमचा आवाज घोगरा आहे.”

“बाईंचाही होता.”

“आई तुम्हाला गाढव म्हणायची. ते तुमच्या तोंडून बरं वाटणार नाही.”

ते हसले, आणि मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तसे ते बराच वेळ जागे होते.

सकाळी भट्टीवाल्यांनी पत्र्यावरचा फोटो पडद्यावर आणला. आधी नुसता करडा रंग, मध्यभागी काळोखाचं एक भोक. मग त्यांनी एक बटण फिरवलं आणि ठिपके वर आले. जुळवून ठेवलेल्या पानासारखे, ओळीत, मधल्या जागा सारख्या सोडून, पार कडेपर्यंत; ठिपके जितके कडेला जातील तितकं चित्र बारीक. धुकं जवळजवळ नव्हतंच. क्षकाका पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक त्याला टेकलं.

“कडेपर्यंत आलेत,” ते म्हणाले. “बये, कडेपर्यंत आलेत.” हे ते मला उद्देशून म्हणत नव्हते.

“म्हटलं नव्हतं मी? पिकला म्हणजे पिकला!” भट्टीवाल्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

माझी पर्स वाजायला लागली.

आम्ही तिघं ते ऐकत उभे राहिलो. आईने ती धून निवडली होती कारण ती यंत्रांच्या आवाजातही ऐकू येते. ती खरोखर ऐकू येत होती.

“फोन विसरल्या वाटतं बाई,” क्षकाका घाईने म्हणाले.

“विसरल्या?” भट्टीवाल्यांनी रिसीव्हर ठेवला. “बरं, मग घरचा नंबर द्या. एक शब्द हवाय मला. ‘हो’. तेवढा आला की दुसरा कोन लावतो.”

घरी मावशी फोन उचलणार होती, आणि तिचं वाक्य तयार होतं. मी यंत्राकडे पाहिलं. दार बंद होतं, किरण थांबवलेला होता, खडा आत अंधारात पहिल्याच कोनात बसून होता. भट्टीवाल्यांना कळलं तर नियमाप्रमाणे त्यांना वर कळवावं लागणार होतं, आणि ती वेळ रांगेतल्या पुढच्याची होणार होती. मग हायड्रोजन सरकला की जागीच राहिला, हे आईच्या खड्याला सांगता येणार नव्हतं. आणि नाही कळलं, तर हा माणूस रिसीव्हरवर हात ठेवून, चेहऱ्यावर ते हसू घेऊन, असाच उभा राहणार होता. तिच्या ‘हो’शिवाय त्याने खडा जरासुद्धा पुढे फिरवला नसता.

“नंबर सांगताय ना?”

“ती हो म्हणणार नाही,” मी म्हटलं.

“का? माझ्यावर रागावल्यात?”

“आई गेली.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “कुठे?”

क्षकाकांनी माझं कोपर धरलं. अजून वेळ होती. एखाद्या गावाचं नाव घेता आलं असतं, एखाद्या नातेवाइकाचं. ‘कुठे?’ विचारण्यात भट्टीवाल्यांचा काही दोष नव्हता. मी क्रियापदच असं वापरलं होतं की त्यातून आई परत येऊ शकत होती.

“मेली,” मी म्हटलं. “माझी आई मेली.”